गाळणी, गोळी आणि वय

अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एक म्हातारी अंगावर पाणी चढण्याच्या विकारावर झाडपाल्याचे औषध देत असे. पाय सुजलेले, पोटात पाणी साठलेले, आडवे झाले की धाप लागणारे आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी कधीकधी तिच्या औषधाने बरे होत. औषध घराण्यात चालत आलेले होते आणि त्यात काय आहे हे तिने गुपित ठेवले होते. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरला या औषधाबद्दल मत विचारण्यात आले. विदरिंग वनस्पतिशास्त्राचाही चांगला जाणकार होता. औषधात वीसेक वनस्पती होत्या. पण त्यांतली खरे काम करणारी कोणती, हे ओळखायला त्याला फारसा वेळ लागला नाही. ती होती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटालिस. पुढील दहा वर्षे त्याने ही वनस्पती दीडशेहून अधिक रोग्यांना दिली आणि १७८५ साली आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गुण आलेले रोगी तर त्यात आहेतच, पण न आलेलेही आहेत. आजच्या औषधविज्ञानाची मुळे शोधायची तर या प्रामाणिक नोंदींपर्यंत जावे लागते.

मात्रा जास्त झाली की काय होते, हेही विदरिंगने लिहून ठेवले आहे. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसणे, नाडी मिनिटाला पस्तीसपर्यंत उतरणे आणि शेवटी मृत्यू. म्हणून त्याने एक नियम घालून दिला. मूत्रपिंड, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसेपर्यंत औषध द्यावे, आणि दिसला की त्याच क्षणी थांबवावे. रक्ताची तपासणी नव्हती, हृदयाचा आलेख नव्हता. रोग्याकडे बारकाईने पाहणे हेच त्याचे मोजमाप होते. प्रत्येकाला औषध किती पुरते हे वेगवेगळे असते, ही गोष्ट त्या नियमात गृहीतच धरलेली होती.

पुढे दीडशे वर्षे अडचण राहिली ती पानांची. एका शेतातले पान जहाल, तर दुसऱ्या शेतातले मवाळ. औषधाची ताकद ठरवण्यासाठी बेडूक, कबुतरे आणि मांजरे यांच्यावर प्रयोग करावे लागत. १९३० साली सिडनी स्मिथ या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने डिजिटालिस लनाटा या जातभाईच्या पानांतून डिगॉक्सिन हे शुद्ध स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. आता पाव मिलिग्रॅमची गोळी म्हणजे नेमके पाव मिलिग्रॅम औषध अशी खात्री देता येऊ लागली. ही मोठीच प्रगती होती. पण माझ्या मते तिच्याबरोबर एक गैरसमजही आला. गोळी मोजूनमापून केलेली आहे, तेव्हा शरीरात राहणारे औषधही मोजलेलेच असणार, असे सर्वांनी धरून टाकले. डिगॉक्सिनच्या बाबतीत हे महागात पडणारे होते, कारण गुण येणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. १९७१ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या आणि डिजिटालिस वर्गातले औषध घेणाऱ्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतल्या २३ टक्क्यांना निश्चितपणे विषबाधा झालेली आढळली. म्हणजे चार-पाच जणांमागे एक. औषध चांगले, गोळी शुद्ध, डॉक्टर जाणते. तरीही असे का व्हावे?

गिळलेले औषध शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर पडते, यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. काही औषधांचे यकृतात रूपांतर होते, तर काही औषधे जशीच्या तशी मूत्रावाटे निघून जातात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जेम्स डोहर्टी यांनी ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले डिगॉक्सिन रोग्यांना देऊन त्याचा माग काढला. त्याचा बहुतेक भाग न बदलता मूत्रपिंडातून बाहेर पडतो आणि मूत्रपिंडे निकामी असतील तर तो आतच अडून राहतो, असे दिसले. निरोगी माणसाच्या शरीरातले डिगॉक्सिन निम्मे व्हायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. मूत्रपिंडे पूर्ण बंद पडली असतील, तर चार-पाच दिवस. १९६९ साली गॉर्डन ईवी आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध पुरुषांना सारखेच डिगॉक्सिन टोचून पाहिले. औषध निम्मे व्हायला तरुणांत सरासरी ५१ तास लागले, तर वृद्धांत ७३. या वृद्धांना मूत्रपिंडाचा आजार आहे असे कोणी म्हटले नसते. त्यांचे फक्त वय झाले होते.

हा फरक किती मोठा ठरतो, हे वर्गात चिंचोके घेऊन किंवा नुसते फळ्यावर करून पाहता येईल. एका डब्यात रोज सकाळी १०० चिंचोके टाकायचे. दुसऱ्या दिवशी नवे टाकण्यापूर्वी डब्यात असतील त्यांतले एक तृतीयांश काढून टाकायचे. पहिल्या दिवशी १००. त्यांतले ३३ गेले, ६७ उरले, त्यांत १०० पडून दुसऱ्या दिवशी १६७. तिसऱ्या दिवशी २११. आकडा वाढत जातो, पण वाढ मंदावत जाते, आणि डबा ३०० जवळ येऊन थांबतो, कारण ३०० चे एक तृतीयांश म्हणजे बरोबर १००. जितके येतात तितकेच जातात.

आता दुसरा डबा घ्या. यातही रोज १००च टाकायचे, पण काढताना एक पंचमांशच काढायचे. हा डबा ५०० पर्यंत चढेल. रोजची भर तीच, साठा मात्र जवळजवळ पावणेदोन पट. विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट दाखवून द्यावी. पहिला डबा आठवड्याभरात २८० च्या पुढे जातो, म्हणजे जवळपास स्थिरावतो. दुसरा आठवड्याला ३९५ वर असतो आणि त्यानंतरही चढतच राहतो. तो ४९५ ला पोचायला तीन आठवडे लागतात. औषध सुरू केल्यावर आठ दिवसांनी डॉक्टरांना दाखवले, सगळे ठीक होते, आणि विसाव्या दिवशी आजीला अन्न जाईनासे झाले. अशा वेळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या गोळीचा संशय कोणाला येणार? वृद्धांमधल्या औषधबाधेचा हा उशीर फार फसवा असतो.

एक तृतीयांश आणि एक पंचमांश हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण मनाने नव्हे. लॉस एंजेलिसचे डॉक्टर रॉजर जेलिफ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिगॉक्सिनसाठी एक सोपे सूत्र दिले. रोज शरीरातल्या साठ्यापैकी किती टक्के डिगॉक्सिन बाहेर पडते? मूत्रपिंडे दर मिनिटाला जितके मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनीनपासून साफ करतात, त्या आकड्याला ५ ने भागा आणि १४ मिळवा. मूत्रपिंडाखेरीज इतर वाटांनी जाते ते १४ टक्के. साफ करण्याचा वेग १०० असेल तर ३४ टक्के, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. वेग ३० वर आला असेल तर २० टक्के, म्हणजे एक पंचमांश.

सूत्र सोपे झाले, पण त्यात घालायचा वेग कुठून आणायचा?

निरोगी तरुण माणसाच्या मूत्रपिंडांत मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचे गणित केले तर १८० लिटर होतात. त्यांतला फार थोडा भाग मूत्र म्हणून बाहेर पडतो आणि बाकीचा परत शोषला जातो. हा गाळण्याचा वेग अचूक मोजायला इन्युलिन वापरतात. डेलियाच्या कंदातही सापडणारी ही शर्करामालिका मूत्रपिंडात गाळली जाते, पण परत शोषली जात नाही. बाल्टिमोरमध्ये नेथन शॉक आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांनी वेगवेगळ्या वयाच्या ७० पुरुषांत हा वेग मोजून १९५० साली प्रसिद्ध केला. विशीतल्या गटाचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे १२३ मिलिलिटर होता, ऐंशीच्या पुढच्या गटाचा सुमारे ६५. केस पिकावेत तसाच हा बदल, पण डोळ्यांना न दिसणारा. तो प्रत्येकात सारखा होत नाही, हेही सांगायला हवे. त्याच परंपरेतल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळजवळ एक तृतीयांश माणसांमध्ये अनेक वर्षांत घट आढळलीच नाही. त्यामुळे नुसते वय पाहून गोळी निम्मी करणेही शहाणपणाचे नाही. मोजायला हवे.

इन्युलिन शिरेतून सतत देऊन मोजणे प्रयोगशाळेत ठीक, पण तालुक्याच्या दवाखान्यात नव्हे. तिथे उपयोगी पडते ते शरीरात आपोआप तयार होणारे क्रिएटिनीन. स्नायूंतल्या क्रिएटीनपासून ते रोज ठरावीक प्रमाणात बनते आणि मूत्रपिंडातून गाळले जाते. क्षारयुक्त पिक्रिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की नारिंगी-तांबडा रंग येतो, हे माक्स याफे यांनी १८८६ साली दाखवले, आणि क्रिएटिनीन मोजण्याची एक पद्धत आजही याच रंगावर आधारलेली आहे. (पिक्रिक आम्ल स्फोटक असल्याने शाळेत हा प्रयोग करू नये.) डेन्मार्कचे पौल ब्रांट रेहबर्ग यांनी १९२६ साली स्वतःच क्रिएटिनीन पिऊन, गाळण्याचा वेग त्यावरून काढता येतो असे मांडले. त्यासाठी चोवीस तासांचे मूत्र थेंबही न सांडता गोळा करावे लागते. हे किती अवघड आहे, ते घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल त्याला विचारा. म्हणून व्यवहारात केवळ रक्तातले क्रिएटिनीन पाहण्याची सवय पडली. एक डेसिलिटर रक्तद्रवात एक मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर मूत्रपिंडे ठीक, असे समजले जाई.

खरी गफलत इथे होती. क्रिएटिनीन स्नायूंतून येते आणि म्हातारपणी स्नायूही झिजतात. आवक निम्मी झाली आणि गाळणीही निम्मी झाली, तर रक्तातली पातळी जिथल्या तिथे राहते. चाळिशीतल्या माणसाचा आणि ऐंशीच्या आजीचा तपासणीचा कागद अगदी सारखा दिसतो, आणि दोघांच्याही पुढे ‘सामान्य’ असे छापलेले असते.

हा पडदा दूर केला तो कॅनडातील माँट्रियलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी १८ ते ९२ वर्षे वयाच्या २४९ रोग्यांच्या नोंदी घेतल्या आणि वयानुसार क्रिएटिनीनची रोजची निर्मिती कशी घटते ते पाहिले. शरीराच्या दर किलोमागे रोज किती मिलिग्रॅम? २८ मधून वयाचा एक पंचमांश वजा करा, असे उत्तर त्यांना मिळाले. विसाव्या वर्षी २४, ऐंशीव्या वर्षी १२. म्हणजे बरोबर निम्मे. पुढचे काम नववीच्या बीजगणिताचे आहे. २८ वजा ०.२ × वय, म्हणजेच ०.२ × (१४० − वय). त्याला वजनाने गुणले की दिवसाची एकूण निर्मिती मिळते. तितकेच रोज मूत्रपिंडातून जाते असे धरून त्याला रक्तातल्या पातळीने आणि दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागायचे, आणि डेसिलिटरचे मिलिलिटर करण्यासाठी १०० ने गुणायचे. ०.२ आणि १४.४ यांचा भागाकार १ छेद ७२ येतो. अशा रीतीने १९७६ साली हे सूत्र जन्माला आले:

क्रिएटिनीन साफ होण्याचा वेग (मिनिटाला मिलिलिटर) = (१४० − वय) × वजन ÷ (७२ × रक्तातले क्रिएटिनीन)

वय वर्षांत, वजन किलोग्रॅममध्ये आणि क्रिएटिनीन डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये घ्यायचे. स्त्रियांसाठी उत्तर १५ टक्क्यांनी कमी धरायचे. ही पंधरा टक्क्यांची सूट मात्र मोजून आलेली नव्हती. सैनिकांच्या रुग्णालयात स्त्रिया असणार किती? जवळजवळ सर्व रोगी पुरुष होते, आणि स्त्रियांचे स्नायू तुलनेने कमी असतात या सर्वसाधारण ज्ञानावरून तो आकडा घेतला गेला. तो पुढे पन्नास वर्षे टिकला.

आता ६५ किलो वजनाचे चाळीस वर्षांचे एक गृहस्थ घ्या. क्रिएटिनीन १.०. उत्तर सुमारे ९०. त्यांची ऐंशी वर्षांची, ४० किलो वजनाची आई. तिचेही क्रिएटिनीन १.०. साठ गुणिले चाळीस म्हणजे २४००, भागिले ७२ म्हणजे ३३, त्यातून १५ टक्के वजा करून २८. मुलगा आपल्या पहिल्या डब्याजवळ आहे आणि आई दुसऱ्या. दोघांना तीच गोळी रोज दिली, तर कोणाच्या शरीरात किती औषध साठेल, हे चिंचोक्यांनी आधीच सांगितले आहे.

साठलेल्या डिगॉक्सिनची पहिली लक्षणे म्हणजे भूक मरणे, मळमळ, थकवा, कधी गोंधळल्यासारखे होणे. ऐंशीच्या माणसात ही लक्षणे दिसली की घरचे म्हणतात, वय झाले आता. माणूस जेवत-पीत नाही, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होते, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो, गाळणी आणखी मंदावते आणि औषध आणखी साठते. त्यात गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी असेल, तर तीही मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करू शकते. नेहमीच्या औषधांवर असलेल्या वृद्धाला जुलाब-उलट्या झाल्या, की डॉक्टर औषधांची पूर्ण यादी मागतात ते यासाठीच. मात्र वाचकांनी हे वाचून घरातल्या कोणाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाचे औषध एकाएकी तोडणे तितकेच घातक ठरू शकते.

इतके सगळे १९७६ पर्यंत माहीत झाले होते. म्हणूनच पुढची हकीकत खटकते. १९८० साली ब्रिटनमध्ये ‘ओप्रेन’ या नावाने बेनॉक्सॅप्रोफेन हे सांधेदुखीवरचे औषध बाजारात आले. ते शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे दिवसातून एकदाच घेतले तरी पुरे, हे त्याचे आकर्षण होते. सांधेदुखीचे रोगी कोण? बव्हंशी वृद्ध. पण सर्वांना मात्रा एकच, रोज ६०० मिलिग्रॅम. तरुणांच्या शरीरात हे औषध निम्मे व्हायला सुमारे ३० तास लागत, वृद्धांत जवळजवळ १००. चिंचोक्यांचा हिशेब लावला तर वृद्धांच्या शरीरात सुमारे तिप्पट साठा. यात यकृताचाही वाटा होता. सगळा दोष मूत्रपिंडाच्या माथी मारता येणार नाही. परंतु मूत्रपिंडे मंद असलेल्यांत औषध अधिक रेंगाळते, हे त्या वेळी तपासून दिसले होते. मे १९८२ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, हे औषध घेणाऱ्या वृद्ध रोग्यांना कावीळ होऊन मृत्यू आल्याचे कळवले. ऑगस्टमध्ये ब्रिटनने परवाना स्थगित केला आणि कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. तोवर एकट्या ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक अपायांची आणि साठाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती. परदेशातील मृत्यू अमेरिकी सरकारला वेळेवर न कळवल्याबद्दल एली लिली या कंपनीने १९८५ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड झाला पंचवीस हजार डॉलर.

या प्रकरणानंतर, ज्यांना औषध द्यायचे त्यांच्यावरच त्याची चाचणी झाली पाहिजे, ही मागणी जोर धरू लागली. १९९३ साली युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या औषध-नियामकांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. पासष्टीच्या पुढच्यांना चाचण्यांत सामील करावे, आणि मूत्रपिंडावाटे जाणारे औषध असेल तर मूत्रपिंडे मंद असलेल्यांत त्याचे काय होते ते स्वतंत्रपणे तपासावे, असे त्यांत म्हटले आहे. औषधाच्या वेष्टनातल्या बारीक अक्षरांतल्या कागदावर आज मूत्रपिंडाच्या वेगानुसार मात्रेचे जे कोष्टक छापलेले असते, ते यातूनच आले. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, मानसिक विकारांवरचे लिथियम, जंतुसंसर्गावरचे जेंटामायसिन अशी अनेक औषधे या कोष्टकांखाली येतात. डिगॉक्सिनही आता पूर्वीपेक्षा बरेच कमी मात्रेत देतात.

कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानंतर नवी सूत्रे आली. आजकाल अनेक प्रयोगशाळा क्रिएटिनीनच्या खाली गाळण्याच्या वेगाचा अंदाज छापून देतात. तो बहुधा २००९ किंवा २०२१ च्या सूत्राने काढलेला असतो. या सूत्रांत वजन नाही. उत्तर १.७३ चौरस मीटर त्वचाक्षेत्र असलेल्या माणसासाठी येते. आपल्या ४० किलोच्या आजीबाईंसाठी २०२१ चे सूत्र ५७ हा आकडा देते. त्यांची उंची १४५ सेंटिमीटर असेल, तर त्वचाक्षेत्र सुमारे १.२७ चौरस मीटर. त्या प्रमाणात कमी केला की आकडा ४२ होतो. जुने सूत्र २८ म्हणते. एकच बाई, एकच रक्त आणि तीन उत्तरे. तिन्ही सूत्रे शेवटी क्रिएटिनीनवर, म्हणजे स्नायूंवर विसंबून आहेत. शाकाहारी आणि कृश माणसात क्रिएटिनीन मुळातच कमी बनते, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक वृद्धांत तिन्ही उत्तरे वास्तवापेक्षा चढी येण्याचा संभव आहे. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. शंका असेल तेव्हा ते मोजता येते; चाचणी अजून महाग आहे. वेष्टनातल्या बहुतेक जुन्या औषधांच्या कोष्टकांतले आकडे मात्र कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रावर बेतलेले आहेत. म्हणून थोड्या जास्त मात्रेनेही अपाय करणारी औषधे देताना डॉक्टर बहुधा आजही वय, वजन आणि क्रिएटिनीन घेऊन तेच गणित करतात, आणि डिगॉक्सिन असेल तर गरजेप्रमाणे त्याची रक्तातली पातळीही तपासतात.